वळसंगहून आलेला हौद

सोलापूर
६ फेब्रुवारी १९७३

प्रिय माळशिरस,

‘प्रिय नागनाथ’ लिहायला हात वळत नाही. चार वर्षं मी तुला रोज वीस-पंचवीस वेळा ‘माळशिरस, बोला’ म्हणतो आणि तू मला ‘बोला, सोलापूर’ म्हणतोस. ट्रंक बोर्डावर आपण ऑपरेटर माणसं नसतोच, गावं असतो. आज सकाळपासून आपण एकोणीस वेळा बोललो, पण तुझी सर्दी बरी झाली का एवढंसुद्धा मला विचारता आलं नाही. आमच्या पर्यवेक्षिका मीनाबाई पाठीमागे उभ्या असतात. ऑपरेटरने जोडणीचा दोर लावावा, वेळ सांगावी आणि तोंड मिटावं हा नियम त्यांनी केलेला नाही, पण त्यांच्याइतका तो कुणी पाळलेलाही नाही. म्हणून हे पत्र.

माझी बायको विचारते, दिवसभर करता तरी काय? मी म्हणतो, मधे बसतो. एका बाजूला एक वाट, दुसऱ्या बाजूला दुसरी, आणि मधे मी. कोण कुठल्या वाटेवर राहतो हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. पहिल्यांदा कुणी ‘अडत्या गुरप्पा द्या’ म्हणालं तेव्हा मी सगळ्या गावांना विचारत सुटलो होतो. मग एक दिवस वळसंगच्या तारेवरून गुरप्पाचाच आवाज आला आणि डोक्यात बसलं, गुरप्पा वळसंगच्या वाटेवर. असं ऐकून ऐकून निम्मा जिल्हा पाठ झाला. आता जेऊरवाल्याला जेऊरमधलाच माणूस हवा असेल तर मी तो कॉल तुझ्या कानावर पडूही देत नाही.

तर मुद्द्याचं. गेल्या महिन्यात इथल्या गड्ड्याच्या जत्रेत आपण पहिल्यांदा समोरासमोर भेटलो, तेव्हा माझ्याबरोबर माझी भाची कमलम्मा होती. तिने पत्र्याची चाळण घेताना दुकानदाराशी एवढी घासाघीस केली की तू हसलास. नंतर तू पाच वेळा विचारलंस, ‘चाळण टिकली का?’ नागनाथ, चाळण टिकली आहे, पण तिची एवढी काळजी कुणी करत नाही. घराणं आपल्यातलंच. माझी थोरली बहीण सावित्रम्मा, म्हणजे माझी आक्का आणि कमलची आव्वा, वळसंगला असते. कमल तिथेच शाळेत शिकवते. तुमची तीन पिढ्या माळशिरसात जाऊन कानडी सुटली, आमची नाही सुटली, एवढाच फरक.

रविवारी १८ तारखेला सकाळी दहाला तुझ्या आईंना तुमच्या सार्वजनिक फोनवर आण. मी आक्काला वळसंगच्या पोस्टात बसवतो. दोघी बोलू देत. आक्काला मराठी समजतं, काळजी नको. मी मधे असेन, पण बोलणार नाही.

तुझा,
सोलापूर (शिवपुत्र)


माळशिरस
१० फेब्रुवारी

आदरणीय सोलापूरअण्णा,

पत्र मिळालं. चाळण टिकली हे कळून बरं वाटलं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘फोनवर सोयरीक? तोंड दिसना, हात दिसना, आन् पोरगी द्येत्यात व्हय?’ पण येईल. माझी आई केसरबाई म्हणजे तालुक्यात कुणाला न घाबरणारी बाई, मात्र काळ्या रिसिव्हरला घाबरते.

मला एकच धास्ती आहे. मी आधी तारखात्यात होतो. तिथे निरोपाला नंबर असतो. शब्द मोजायचे, घेणाऱ्याने ते परत वाचून दाखवायचे, पाठवणाऱ्याने ‘बरोबर’ म्हणायचं, मगच निरोप पोचला. नंबराची पोच आली नाही तर पुन्हा पाठवायचा. टेलिफोनवर तसं काहीच नसतं. दोन्हीकडचे जोरजोरात ‘हो हो’ म्हणतात आणि कुणाला काही ऐकू आलेलं नसतं. माझं लग्न अशा लाइनवर टांगायचं! पण मला ते व्हायला हवं आहे, अण्णा. उगाच कशाला लपवू? एकोणतिसावं सरतंय आणि जत्रेपासून माझं मन थाऱ्यावर नाही.

इकडे टंचाई आहे. तिसऱ्या दिवशी टँकर येतो. बाकी दिवस आई तीन मैलांवरच्या विहिरीवर जाते, मला ड्यूटीमुळे जाता येत नाही. हे तिकडे आधीच सांगून ठेवा. मागाहून फसवलं असं व्हायला नको.

आपला,
नागनाथ


वळसंग
१९ फेब्रुवारी

ति. मामास, कमलचा नमस्कार.

कालचा फोन झाला. पोस्टात निम्मं गाव जमलं होतं. आव्वा इरकल साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन फोनसमोर बसली. समोर माणूस नाही हे तिच्या लक्षात आणून दिलं तरी ती दर वाक्याला नमस्कार करत होती.

मामा, तुम्ही मुलाकडच्यांना काय सांगितलंय? आव्वाला मराठी समजतं म्हणे! तिला बाजारात ‘केवढ्याला’ आणि ‘नको’ एवढंच समजतं. तुम्हीच तिला निरोप धाडला होता ना, की काही विचारलं तरी ‘हौद’ म्हण? तिने तेच केलं. पलीकडून त्या बाई लांबलचक काहीतरी विचारायच्या आणि ही आपलं कानडीत ‘हौद’, म्हणजे ‘हो’. त्यांनी आणखी काही विचारलं की ‘हौद, हौद री’. मी मोजलं, सात वेळा. घरी येताना म्हणाली, बाई फार गोड बोलते, प्रत्येक हौदाला एवढी गप्प होऊन ऐकत होती!

मला एक विचारायचं आहे. सात वेळा हो म्हणाली ती आव्वा. मला अजून कुणीच काही विचारलेलं नाही. शाळेत हजेरी घेतानासुद्धा मी मुलाला स्वतः ‘हजर’ म्हणायला लावते, त्याच्या शेजाऱ्याने म्हटलेलं चालत नाही. पण असो. तुमचं चाललंय ते चालू द्या.

मुलगा जत्रेत पाहिला तो बरा वाटला. चाळण उत्तम चालते.

आपली,
कमल


माळशिरस
२० फेब्रुवारी

आदरणीय सोलापूरअण्णा,

कॉल झाला. आई घरी आल्यापासून रुसली आहे, म्हणून तुम्हाला स्पष्टच लिहितो.

आईने पहिलाच प्रश्न विचारला, मुलगी द्यायचं मनापासून आहे ना? तुमच्या बहीणबाई म्हणाल्या, हौद. आईला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. म्हणून विचारलं, मनात आणखी काही असेल तर आत्ताच सांगा. पुन्हा हौद. मग टंचाईचं सांगितलं, पोरीचं कसं व्हायचं म्हणाली, तर ‘हौद, हौद’! आई रिसिव्हर ठेवून बाकावर बसलीच. म्हणाली, ‘पैल्याच बोलन्यात हौद? आजून पोरगी बगितली न्हाय, सुपारी न्हाय, आन् थेट हौद? कानडी मुलकात लाजबीज काय हाय का न्हाय?’

मी तिला समजावतो आहे. पण अण्णा, इतकी घाई बरी का? निदान बघण्याचा कार्यक्रम तरी होऊ द्यायचा होता. मग सावकाश हौद काढला असता तर आईनेही ऐकून घेतलं असतं.

आपला,
नागनाथ


सोलापूर
२४ फेब्रुवारी

प्रिय माळशिरस,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आधी वाटलं थट्टा आहे. आता वाटतं, तुम्ही लोक अजब आहात.

अरे, हौद म्हटलं म्हणून राग? जगात लोक ‘नाही’ म्हटल्यावर रागावतात. आमच्याकडे मनात एक आणि ओठात एक असलं काही नसतं. मनात आलं की हौद! त्यात लाजायचं काय? आणि हौदाशिवाय लग्न होतं कुठे? तुझ्या आजोळच्यांनीही तुझ्या वडिलांच्या वेळी तोच काढला असेल की. विचार आईंना.

त्यांना फोनवरचं मानवत नसेल तर आक्का माळशिरसला येईल, पाटावर बसेल आणि चारचौघांसमोर, पंचांच्या साक्षीने हौद म्हणेल. ती एकदा बोलली की मागे घेणारी बाई नाही, हे मी तिचा भाऊ म्हणून सांगतो. मग तर झालं?

खरं सांगू? तुझ्या पत्राने मन खट्टू झालं. चार वर्षांत तुझ्याकडून एक कॉल चुकीच्या वाटेला गेला नाही, आणि सोयरिकीत मात्र तू असा वाकड्यात शिरतोस.

तुझा,
शिवपुत्र


माळशिरस
४ मार्च

आदरणीय शिवपुत्रअण्णा,

पंचांपर्यंत जाऊ नका, विनंती आहे. गावात आधीच कुणकुण लागली आहे.

आईला आजोळचं विचारलं. म्हणाली, ‘आमच्या टायमाला कसला हौद आन् कसलं काय! येक हंडा हातात दिला आन् गाडीत बशिवली.’ 

आता नवीनच झालं आहे. आमचा ज्ञानबा, सोलापूर गाडीवरचा कंडक्टर, त्याला तुमच्या बहीणबाई स्टँडवर भेटल्या. त्याने विचारलं, पाहुण्यांना काय सांगू? म्हणाल्या, हौद. त्याने घरी येऊन आईला सांगितलं. झालं! आई म्हणते, ‘फोनवर आला त्यो येक, गाडीतनं आला त्यो येक. दोन झालं.’

मी म्हणतो, तोच असेल, दोन वाटांनी आला असेल. तारखात्यात असं झालं तर आम्ही नंबर बघतो आणि दुसरा कागद फाडून टाकतो. पण ह्याच्यावर नंबर कुठे आहे? अण्णा, दोन वाटा ठेवू नका. एक तर तुम्ही बोला नाहीतर ज्ञानबाला बोलू द्या. आणि एकच का दोन, ते मला लेखी कळवा.

आपला,
नागनाथ


सोलापूर
८ मार्च

श्री. नागनाथ यांस,

एक की दोन, हे मोजणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. आक्काला कळवलं. ती म्हणते, दोन हौदांनी भागत नसेल तर दहा घ्या म्हणावं. आमच्याकडे हौदाला तोटा नाही. तोटा तुमच्याकडेच दिसतो. इतक्या दिवसांत तुमच्या घरातून एक तरी आला का?

काय ते एकदाचं ठरवा. मुलगी वाटेवर पडलेली नाही.

कळावे,
शिवपुत्र


माळशिरस
२१ मार्च

आदरणीय अण्णा,

दहा जमणार नाहीत. आमच्या दारात जागाच तेवढी नाही, एक घातला तरी म्हशीचा खुंटा हलवावा लागतो.

एकाचं खणायला मी आठ तारखेच्या आधीच सुरुवात केली होती. ड्यूटी चारला सुटते. दिवस मावळेपर्यंत कुदळ मारतो. आठ फूट लांब, सहा रुंद. खोली साडेचार झाली, पुढे मुरूम लागला आहे, रोज बोट-दोन बोटंच जाते. हाताला फोड आलेत, त्यामुळे परवा बोर्डावर दोर नीट बसत नव्हता, तुम्ही ‘माळशिरस, झोपलात काय’ म्हणालात. झोपलो नव्हतो.

सिमेंटच्या परमिटसाठी तहसील कचेरीत अर्ज दिला. कारकुनाने विचारलं, दुष्काळात हौद कशाला? मी लिहिलं, लग्नकार्यासाठी. तो अजून माझ्याकडे बघतो आहे. सिद्राम गवंडी म्हणतो, हौद बांधीन, पण सिमेंट कालवायला पाणी कुठनं आणू?

आईचं सांगायचं राहिलं. महिनाभर रुसली होती. परवा मी खड्ड्यात असताना घमेलं घेऊन आली आणि माती वर ओढायला लागली. म्हणाली, ‘त्या बाईचं काय चुकलं रं? पोरीला माज्यावानी तीन मैल घागरी व्हायला लागू न्हाय म्हनूनच म्हनली आसंल. माज्या आईनं आसा हौद मागून घेतला आसता, तर आज माजी कंबर राहिली आसती.’ मग आम्ही दोघांनी मिळून काम केलं.

तेव्हा आता राग नाही. फक्त एकावर समाधान माना. पाणी मी कुठूनही आणीन.

आपला,
नागनाथ


वळसंग
२७ मार्च

ति. मामास,

तुम्ही नागनाथांची सगळी पत्रं सोबत धाडून लिहिलंत, ‘मुलगा वेडा निघाला, लग्नाचं विसर, हा दारात खड्डे खणत बसला आहे.’ मामा, पाणी पिऊन घ्या आणि बसून वाचा.

मराठीत हौद म्हणजे पाण्याचा हौद. तुमच्या घरासमोर गल्लीत आहे तो. लहानपणी तुम्ही त्यात पडला होतात आणि आजोबांनी शेंडी धरून वर काढलं होतं, ही गोष्ट तुम्हीच मला शंभरदा सांगितली आहे. मी शाळेत मुलांना ‘ह हौदाचा’ शिकवते. आणि दीड महिना आपल्यापैकी एकालाही सुचलं नाही!

आव्वा फोनवर सात वेळा हो म्हणाली, त्यांनी सात वेळा हौद ऐकला. तुम्ही रागाने लिहिलंत ‘दहा घ्या’, त्यांना वाटलं दहा हौद बांधून मागतायत. आता मागची पत्रं काढा आणि पुन्हा वाचा. मी वाचताना इतकी हसले की आव्वा धावत आली. तिला सांगितलं. ती आधी हसली, मग कपाळावर हात मारून म्हणाली, त्या बाईला आपण किती हावरट वाटलो असू!

शेवटचं पान मी पुन्हा वाचलं, तेव्हा मात्र हसू आलं नाही. कुणी न मागितलेल्या हौदासाठी एक माणूस रोज मुरमात कुदळ मारतोय, मामा. एका शब्दानेही त्याने आपल्याला वाईट म्हटलेलं नाही. आणि त्याच्या आईने घमेलं उचललं.

पत्र लिहू नका. पत्राला तीन दिवस लागतील, तोवर तो आणखी वीतभर खाली जाईल. तार करा.

कमल


तार
सोलापूर, २९ मार्च

नागनाथ, टेलिफोन ऑपरेटर, माळशिरस.
नंबर एक. हौद शब्द कानडी. अर्थ होय. पाणी नव्हे. खणणे थांबवा. परत वाचून कळवा.
शिवपुत्र


माळशिरस
३० मार्च

आदरणीय अण्णा,

नंबर एक मिळाली. परत वाचतो: हौद शब्द कानडी, अर्थ होय, पाणी नव्हे, खणणे थांबवा. बरोबर?

तारवाला रजेवर होता, त्यामुळे ही तार माझ्या हातानेच उतरवून घेतली. स्वतःच्या नावाने आलेली, स्वतः लिहिली, स्वतःच पाकिटात घातली, सही करून स्वतःकडून घेतली. मग बाकावर जाऊन उघडली. आत काय आहे हे माहीत असूनही दोनदा वाचली.

तुमची पत्रं पुन्हा वाचली. ‘आमच्याकडे हौदाला तोटा नाही.’ अण्णा, त्या दिवशी मी तुम्हाला मनातल्या मनात फार बोललो. माफ करा. तुम्हीही मला बोलला असालच.

आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हंजी बाई सारकी हो म्हनत हुती आन् मी रुसून बसले? आरं द्येवा!’ तिला माफी मागायची आहे. मी म्हटलं, माग, पण काही विचारू नको. खड्ड्याचं विचारलं तर म्हणाली, बुजवू नको.

आता एक राहिलं. होय म्हणाल्या त्या तुमच्या बहीणबाई. रागावले ते तुम्ही. खणलं ते मी. ह्या सगळ्या पत्रांत कमलम्मा काय म्हणतात ते कुठेच नाही. निरोप जिच्यासाठी होता तिच्यापर्यंत पोचला, अशी पोच माझ्याकडे आलेली नाही, आणि पोच नसलेला निरोप मी पोचला असं धरत नाही. रविवारी ८ तारखेला अकरा वाजता मी वळसंगला कॉल मागतो आहे, त्यांच्या नावाने. त्या आल्या तर बरं. नाही आल्या तर मी समजेन.

आपला,
नागनाथ


सोलापूर
९ एप्रिल १९७३

मा. पर्यवेक्षिका श्रीमती मीनाबाई यांचे सेवेशी,

विषय: काल ग्राहकांच्या संभाषणात ऑपरेटर सहा मिनिटे बोलत असल्याबाबत मागविलेला खुलासा.

महोदया,

सविनय सादर की, काल सकाळी अकरा वाजता माळशिरसहून वळसंगसाठी नावाचा कॉल आला. वळसंगची व्यक्ती वेळेआधी वीस मिनिटे येऊन बसली होती. माळशिरस मला स्वच्छ ऐकू येत होतं, वळसंगही येत होतं. पण दोन्ही जोडली की आवाज इतका बारीक व्हायचा की त्यांना एकमेकांचं काहीच कळेना. अशा वेळी ग्राहकांनी विनंती केल्यास ऑपरेटरने मधे बसून एकाचे शब्द दुसऱ्याला सांगावेत अशी सवलत आहे. दोघांनी विनंती केली. मी शब्द जसेच्या तसे पुढे दिले. भर घातली नाही, गाळलं नाही, आणि भाषाही बदलली नाही. भाषेच्या बाबतीत मला अलीकडेच धडा मिळाला आहे.

काय बोलणं झालं ते आपण विचारलंत म्हणून लिहितो.

वळसंगने विचारलं, हौद किती खोल गेला? माळशिरस म्हणालं, सात फूट. वळसंग म्हणालं, तार मिळाली तेव्हा पाचच असेल, मग पुढचे दोन कशाला? माळशिरस म्हणालं, सवय झाली होती. वळसंगने विचारलं, पाणी आहे का? थेंबही नाही, असं उत्तर आलं. वळसंगने विचारलं, मग इतके दिवस कशाच्या आशेवर खणलं?

 मी दोनदा ‘माळशिरस, बोला’ म्हटलं, हे नियमात बसतं. मग उत्तर आलं, तुम्ही मागितला आहे असं वाटलं म्हणून.

मी ते वळसंगला सांगितलं.  इथे तीन मिनिटं संपली आणि मी वेळ सांगणार, तोच ‘वाढवा, वाढवा’ असे शब्द माझ्या पाठीमागून ऐकू आले. ते आपल्या स्मरणात नसल्यास माझा आग्रह नाही.

त्यानंतर माळशिरसने विचारलं, आतापर्यंत सगळे बोलले, तुम्ही स्वतः काय म्हणता ते सांगा, ‘नाही’ म्हटलंत तरी चालेल, फक्त स्वतः सांगा. हे मी पुढे दिलं.

वळसंग म्हणालं, हौद.

हे मी माळशिरसला दिलं. माळशिरसने नियमाप्रमाणे परत वाचून दाखवलं, ‘हौद’, आणि खात्रीसाठी विचारलं, कुठला? कानडी की मराठी?

हेही मी पुढे दिलं. तेव्हा वळसंगच्या पोस्टातली माणसं हसत असल्याचा आवाज आला, आणि त्यातून वळसंग म्हणालं, दोन्ही.

वास्तविक ‘दोन्ही’ हा एकच शब्द पुढे द्यायचा होता. मी मुलीचा मामा आहे. ती एवढीशी असताना मी तिला खांद्यावर बसवून गड्ड्याची जत्रा दाखवली आहे. शब्द पहिल्यांदा नीट फुटला नाही, म्हणून मला तो दोनदा म्हणावा लागला. लाइनचा काही दोष नव्हता. नियमापेक्षा एक शब्द जास्त झाला, त्याबद्दल क्षमा असावी.

आपला नम्र,
शिवपुत्र
ऑपरेटर, ट्रंक बोर्ड